जपानी तलवारींवरील कर्तृनामे : वाचन आणि प्रामाण्य

जपानी तलवारीची मूठ एका बारीक बांबूच्या खुंटीने पात्याशी जखडलेली असते. ती खुंटी काढली म्हणजे मुठीच्या आत दडलेला पात्याचा भाग उघडा पडतो. ह्या भागास जपानी भाषेत ‘नाकागो’ म्हणतात. पात्याचा दर्शनी भाग शिकलगाराच्या हाताखालून शतकानुशतके जात राहतो, त्याला पुन:पुन्हा झिलई दिली जाते; नाकागोला मात्र कोणी हात लावावयाचा नाही, असा दंडक आहे. त्यावर चढलेला काळपट गंज हाच त्याच्या वयाचा दाखला होय. ह्याच गंजाखाली छिन्नीने कोरलेली काही चिन्हे आढळतात. त्यांना ‘मेइ’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘कर्तृनाम’ असा शब्द योजिला आहे, तथापि मेइमध्ये केवळ कर्त्याचे नावच असते असे नव्हे. गाव, प्रांत, पदवी, कालगणना, क्वचित मालकाचे नाव, तर क्वचित त्या पात्याने किती प्रेते एका घावात छेदली ह्याची नोंद, असा सर्व मजकूर त्यात येऊ शकतो.

ह्या कर्तृनामांचे वाचन कसे करावे ह्याविषयी जपानबाहेरच्या वाचकांसाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बरीच साधने निर्माण झाली. जॉन युमोतो ह्यांची हस्तपुस्तिका १९५८ मध्ये निघाली. विलिस हॉली ह्यांचा लोहारांचा प्रचंड नामकोश १९६६-६७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक नोंदी असलेल्या ह्या कोशाचे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु ह्या साधनांनी वाचनाची जी एक रीत रूढ केली तिच्यात एक मूलभूत घोटाळा आहे. चिन्ह ओळखावे, कोशात शोधावे, समोर लिहिलेले नाव, प्रांत आणि शतक उतरवून घ्यावे, आणि वाचन पुरे झाले असे समजावे, अशी ती रीत आहे. लिपी वाचणे, भाषा वाचणे आणि विधान पारखणे ह्या तीन वेगवेगळ्या क्रिया होत. कोशमार्गी वाचक पहिली क्रिया करतो आणि तिसरी झाली असे मानतो. जपानमधील जाणकार तिसऱ्या क्रियेत विलक्षण तरबेज असतो, पण त्याच्या लेखनात दुसरी क्रिया बहुधा गृहीतच धरलेली असते. भाषेच्या अभ्यासकाला ह्या मधल्या क्रियेविषयी काही सांगता येण्यासारखे आहे.

प्रथम लिपीचा विचार करू. ओसाफुने हे बिझेन प्रांतातील गाव तलवारींसाठी सर्वांत प्रसिद्ध. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे नागामित्सु नावाचा थोर लोहार होऊन गेला. ‘ओसाफुने’ ह्या ग्रामनामाचे पहिले चिन्ह आणि ‘नागामित्सु’ ह्या व्यक्तिनामाचे पहिले चिन्ह एकच आहे. त्याचा मूळ अर्थ ‘लांब’. एकाच ओळीत, दोनतीन चिन्हांच्या अंतराने, तेच चिन्ह एकदा ‘ओसा’ आणि एकदा ‘नागा’ असे उच्चारावयाचे. चिन्हात ह्याचे कोणतेही सूचन नाही. ते वाचकाच्या भाषाज्ञानात आहे. उलट बाजूने, ‘योशि’ हा एक उच्चार घेतला तर तो लिहिण्यासाठी शुभ, न्याय्य, चांगला, समर्थ अशा निरनिराळ्या अर्थांची चिन्हे लोहारांनी वापरली आहेत. ‘सुके’चीही तीच गत. ‘काने’ हा उच्चार कोठे ‘दोन्ही मिळून’ अशा अर्थाच्या चिन्हाने दाखविला आहे, तर कोठे ‘गुंडाळणे’ अशा अर्थाच्या चिन्हाने. तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयातील सुप्रसिद्ध दीर्घ पाते ज्या कानेहिराचे, तो ‘गुंडाळणे’वाला कानेहिरा. रोमन अक्षरांत वा देवनागरीत लिप्यंतर केले की हे भेद लोप पावतात, आणि दोन घराणी एक होऊन बसतात. म्हणून केवळ लिप्यंतरित नावांच्या याद्या ह्या क्षेत्रात जवळजवळ निरुपयोगी होत, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

चिन्हाचा घाट हाही कर्त्याचा पुरावा असतो. मिनो प्रांतातील सेकी येथील कानेसादाच्या दुसऱ्या पिढीतील लोहार आपल्या नावातील ‘सादा’ ह्या चिन्हाचा छपराखालचा भाग असा लिही, की त्यातून ‘नो’ असे वाचले जाणारे निराळे चिन्ह दिसे. त्यामुळे त्याला ‘नोसादा’ हेच नाव पडले, आणि आज कोणी त्याला दुसरे काही म्हणत नाही. वळणाचा एक लकबीचा फरक व्यक्तिनाम होऊन बसला, ह्याहून लेखनाचे भाषेवरील आक्रमण अधिक स्पष्ट कोठे दिसावे? सतराव्या शतकातील नागासोने कोतेत्सु ह्याचे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. हा मूळचा चिलखते घडविणारा. पुढे एदो शहरात येऊन तलवारी घडवू लागला. आरंभी तो ‘कोतेत्सु’ हे नाव ‘जुने लोखंड’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिही. पुढे उच्चार तोच ठेवून त्याने ‘वाघ’ आणि ‘आरपार जाणे’ अशा अर्थांची चिन्हे स्वीकारली. वाघाचे हे चिन्हही त्याने दोन तऱ्हांनी कोरले : आधी शेवटचा फटकारा वर उडविलेला, आणि १६६४ च्या सुमारापासून चौकोनी, पेटीसारखा बंद. म्हणजे कानाला जे नाव आयुष्यभर एकच होते ते डोळ्याला तीन वेळा बदलले, आणि ह्या बदलांच्या क्रमावरून पात्याचा काळ ठरविता येतो. येथे ‘नाव काय?’ हा प्रश्न गौण आहे, ‘नाव कसे?’ हाच प्रश्न खरा.

छिन्नीचे काम हे कुंचल्याचे काम नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. प्रत्येक रेघ ही छिन्नीच्या लहान लहान पाचरीसारख्या घावांची माळ असते. घाव कोठे सुरू झाला, कोणत्या दिशेने गेला, कडेला लोखंडाची वळी कशी उठली, हे पाहून लेखणाऱ्याचा हात ओळखतात. पातळ कागद लावून काळ्या वडीने घेतलेला ठसा, ज्याला ‘ओशिगाता’ म्हणतात, तो चिन्हाची आकृती देतो, परंतु खोली देत नाही. फुजिशिरो योशिओ ह्यांच्या कोशासारखे ठशांनी भरलेले ग्रंथ अत्यंत मोलाचे असले तरी कागदावरील ठशावरून निर्णय देण्याचा मोह आवरला पाहिजे, तो एवढ्यासाठीच.

फुकुओका येथील इचिमोन्जी घराण्यातील कित्येक पात्यांवर केवळ एक आडवी रेघ आहे. ती ‘एक’ ह्या संख्येचे चिन्ह होय, आणि तीच त्यांची सही. लिपीच्या दृष्टीने ह्याहून सोपे वाचन नाही. भाषेच्या दृष्टीने ह्याहून अवघड नाही, कारण येथे चिन्ह आहे पण व्यक्ती नाही. तीच गोष्ट चिकुझेनच्या ‘सा’ नामक लोहाराची. त्याने आपल्या दीर्घ नावातील पहिले चिन्ह, ज्याचा अर्थ ‘डावा’, तेवढेच कोरले. आणि ‘मिकाझुकि’, म्हणजे चंद्रकोर, ह्या नावाने ख्यात असलेल्या राष्ट्रीय ठेव्यावर तर ‘सान्जो’ एवढेच आहे. सान्जो हा क्योतोमधील रस्ता. ते पाते मुनेचिकाचे हे सर्वमान्य आहे. परंतु ‘मुनेचिका’ हे नाव त्या लोखंडावर कोठेही नाही. ते परंपरेने वाचले आहे.

आता भाषेकडे वळू. मेइ ही पुष्कळदा एक वाक्य असते, आणि ते वाक्य जपानी नसून चिनी पदक्रमात रचलेले असते. ‘हे घडविले’ अशा अर्थाच्या शेवटच्या दोन चिन्हांत ‘घडविणे’ आधी आणि ‘हे’ नंतर येते. जपानी वाचक मात्र त्यांचा क्रम मनातल्या मनात उलटवून ‘कोरे ओ त्सुकुरु’ असे, म्हणजे कर्म आधी व क्रियापद शेवटी, असे म्हणतो. मराठी वाचकाला हा जपानी क्रम आपलाच वाटेल, आणि चिनी क्रम परका. एचिझेनच्या यासुत्सुगु ह्या सतराव्या शतकातील लोहाराची मेइ ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ‘नान्बान लोखंडाने, बुशू एदो येथे, एचिझेन यासुत्सुगु’ असा तिचा आशय. ‘-ने’ आणि ‘येथे’ ह्या अर्थांची चिन्हे चिनी रीतीप्रमाणे नामांच्या आधी कोरली आहेत, वाचताना ती नामांच्या मागे जातात. आणि क्रियापद तर अजिबात नाही. ज्याला ही वाक्यरचना ठाऊक नाही तो ‘नान्बान’ हे लोहाराचे कुलनाम समजण्याची चूक करील. नान्बान म्हणजे ‘दक्षिणेकडील रानटी लोक’. पोर्तुगीज आदी परकीयांना उद्देशून हा शब्द जपानमध्ये रूढ झाला. ज्या पोर्तुगीज जहाजांमुळे तो जपानच्या बंदरांत घरोघरी गेला ती गोव्याहून मकावमार्गे नागासाकीस जात, एवढे येथे सहज नमूद करण्यास हरकत नाही.

मेइच्या लांबीलाही अर्थ असतो, आणि तो कोशात सापडत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील अखंड युद्धांच्या काळात ओसाफुने येथे घाऊक माल निघू लागला. सुकेसादा हे नाव लावणारे लोहार तेव्हा डझनांनी होते. त्यांच्या घाऊक पात्यांवर ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ अशी प्रांताचे संक्षिप्त रूप असलेली आटोपशीर सही आढळते. परंतु जेथे ‘बिझेन नो कुनि’ असे प्रांताचे पूर्ण नाव, ‘योसोझाएमोन नो जो’ असे लोहाराचे व्यवहारातले नाव व पदवी, आणि मागील बाजूस वर्ष व महिना दिलेला असतो, तेथे ते पाते कोणीतरी मागणी देऊन मन लावून घडवून घेतलेले असते, असे सामान्यत: मानतात. नाव एकच, परंतु एका ठिकाणी तो कारखान्याचा शिक्का आहे, दुसऱ्या ठिकाणी माणसाची सही. हा फरक नावात नसून वाक्यात आहे.

मेइ पात्याच्या कोणत्या बाजूस आहे हादेखील वाचनाचा भाग समजावा. जुनी ‘ताचि’ धार खाली करून कमरेस टांगीत. नंतरची ‘काताना’ धार वर करून पट्ट्यात खोवीत. दोन्ही डाव्या अंगासच, आणि सही सामान्यत: बाहेरच्या अंगास. त्यामुळे पाते कसे वागविले जाई ते सहीच्या जागेवरून कळते. परंतु बिचूच्या आओए घराण्यातील जुने लोहार ताचिवर उलट बाजूस सही करीत, आणि हिझेनच्या तादायोशि घराण्याने कातानावर ताचिच्या रीतीने सही करण्याचा प्रघात ठेवला. नियम जाणणाऱ्याला अपवाद ठाऊक नसतील तर तो अस्सल पात्याला बनावट ठरवील. अपुऱ्या ज्ञानाने अज्ञानापेक्षा अधिक नुकसान होण्याचे हे एक स्थळ आहे.

येथपर्यंतचे विवेचन मेइमधील विधान खरे आहे असे गृहीत धरून चालले. ते गृहीत धरता येत नाही. जपानी जाणकारांची एक शिकवण अशी, की आधी पाते पाहावे. लोखंडाचा पोत, धारेलगतची पाण्याची रेषा, पात्याचा बाक ह्यांवरून कर्ता ठरवावा. सही सर्वांत शेवटी पाहावी. शिकवण सुज्ञपणाची आहे. तथापि तीत एक चक्रक दोष आहे, आणि त्याची वाच्यता पुरेशी होत नाही. अमुक लोहाराची शैली कशी, हे सहीच्या पात्यांवरून ठरले. आणि ती सही खरी कशावरून, तर पात्याची शैली जुळते म्हणून. ह्या चक्रातून बाहेर पडण्यास शैली आणि सही ह्या दोहोंहून स्वतंत्र असा तिसरा पुरावा लागतो, आणि तो बहुधा मजकुरातूनच मिळतो. क्योतोचे राइ घराणे हे त्याचे उत्तम उदाहरण. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘कुनितोशि’ अशी दोन चिन्हांची सही असलेली पाती आहेत. पुढे ‘राइ कुनितोशि’ अशी तीन चिन्हांची. पहिल्यांचा घाट रुंद व दमदार, दुसऱ्यांचा सडपातळ व शांत. शैलीवर भर देणाऱ्यांनी हे दोन लोहार मानले. परंतु १२७८ सालची दोन चिन्हांची एक सही उपलब्ध आहे, आणि १३१५ सालच्या तीन चिन्हांच्या एका सहीत लोहाराने आपले वय पंचाहत्तर असे नोंदविले आहे. त्या हिशेबाने १२७८ मध्ये तो अडतीस वर्षांचा होतो. एकच माणूस अडतिसाव्या वर्षी दमदार आणि पंचाहत्तराव्या वर्षी शांत काम करतो ह्यात अशक्य ते काय? ह्याने वाद मिटत नाही हे खरे. पण तो पोताच्या वर्णनावरून उठून अंकगणितावर येतो, ही प्रगती लहान नव्हे.

उलट टोकाला मासामुने. सागामीचा हा लोहार जपानी तलवारीचे दुसरे नावच होऊन बसला आहे. पण त्याच्या निर्विवाद सह्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्याही आखूड कट्यारींवर. त्याची म्हणून मानली जाणारी बहुतेक लांब पाती निनावी आहेत. ती त्याची ठरविली होनआमी घराण्यातील पारख्यांनी. काही पात्यांवर त्यांनी आपला निर्णय सोन्याच्या अक्षरांत जडविला, आणि १७१९ मध्ये शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून ह्याच घराण्याने तयार केलेल्या नामांकित पात्यांच्या यादीत त्यांना अढळ स्थान मिळाले. १८९६ मध्ये इमामुरा चोगा ह्याने योमिउरि वृत्तपत्रातून ह्या सर्वांवर घाव घातला : मासामुनेची कीर्ती ही सोळाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी उभारलेली इमारत होय, असा त्याचा रोख होता. त्याचा निष्कर्ष टिकला नाही, कारण त्या काळापूर्वीच्या नामसूचींत मासामुने आहेच. पण त्याने विचारलेला प्रश्न टिकला. सोन्यात जडविलेले ‘मासामुने’ हे कर्त्याचे नाव नसून वाचकाचे मत आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती संहिता नव्हे, टीका होय. केवळ ती संहितेच्याच लोखंडावर लिहिली आहे. लांब पाती पुढील काळाच्या गरजेप्रमाणे मुठीच्या बाजूने कापून आखूड केली जात, आणि मूळ सही त्या तुकड्याबरोबर जाई. म्हणून अशा टीकेची गरज पडली, हे समजण्यासारखे आहे. परंतु सूचीत दोहोंना एकच ‘मेइ’ हा शब्द लागू होतो, आणि घाईचा वाचक दोहोंना सारखेच प्रमाण मानतो.

कर्ता आणि लेखक हे एकच असतात हे गृहीतही तितकेसे पक्के नाही. क्यूशूमधील एता-फुनायामा येथे १८७३ मध्ये सापडलेल्या पाचव्या शतकातील तलवारीच्या पाठीवर चांदीने जडविलेल्या पाऊणशे चिन्हांच्या लेखात घडविणाऱ्याचे नाव वेगळे आणि लिहिणाऱ्याचे वेगळे दिले आहे; लिहिणाऱ्याचे, चो आन, हे चिनी धाटणीचे. आपल्याकडील ताम्रपटांच्या अभ्यासकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. ह्याच लेखातील राजाचे नाव दीर्घकाळ एका राजाचे म्हणून वाचले गेले. १९७८ मध्ये साइतामा येथील इनारियामाच्या तलवारीवर क्ष-किरणांनी ११५ चिन्हांचा सुवर्णलेख उघड झाला, त्यात ‘वाकाताकेरु’ हे नाव स्पष्ट निघाले, आणि मग शंभर वर्षांपूर्वी सापडलेल्या पहिल्या तलवारीवरचे झिजलेले नावही तेच असल्याचे ध्यानात आले. एका पात्याने दुसऱ्याचे वाचन दुरुस्त केले. पुढील काळात लोहार आपली सही आपण करू लागला, परंतु वृद्ध गुरूच्या वतीने शिष्याने घडविणे आणि शिष्यानेच सही करणे हे पूर्णत: शिष्टसंमत होते. त्याला ‘दाइमेइ’ म्हणतात. हात शिष्याचा, नाव गुरूचे, आणि फसवणूक कोणाचीही नाही.

मग ‘गिमेइ’, म्हणजे खोटी सही, ती कोणती? हेतू फसवणुकीचा असला म्हणजे, असे उत्तर दिले जाते. पण हेतू लोखंडावर कोरलेला नसतो. एदो काळात सरदारांच्या देवघेवीत नामांकित पाते भेट देणे हा शिष्टाचार होता, आणि नामांकित लोहार त्या प्रमाणात नव्हते. मागणी होती तसा पुरवठा झाला. एकोणिसाव्या शतकातील काजिहेइ ह्या नावाने ओळखला जाणारा लोहार तर खोट्या सह्यांसाठीच प्रसिद्धी पावला. उलट मुरामासाची पाती तोकुगावा घराण्यास अशुभ, ह्या समजामुळे त्याच्या खऱ्या सह्या खरवडून टाकल्या गेल्या. खोटे नाव घालणे आणि खरे नाव काढणे ह्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत. हा व्यवहार केवळ जपानचाच नाही. मराठेशाहीतील फिरंगी पात्यांवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन नाव, आणि दमास्की पोताच्या इराणी पात्यांवर ‘असदुल्ला इस्फहानी’ हे नाव, इतक्या संख्येने आणि इतक्या दीर्घ काळात आढळते की ते एका माणसाचे नाव मानता येत नाही. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, ‘उत्तम पाते’ एवढाच त्याचा अर्थ उरला. अशा नावाला खोटे म्हणणे म्हणजे भाषेच्या व्यवहाराला दिवाणी न्यायालयात उभे करणे होय.

ह्या चर्चेला आज जे व्यावहारिक वजन आले आहे ते वेगळ्याच कारणाने. १९४५ नंतर जपानमधील असंख्य पाती विजेत्या सैन्यांबरोबर देशोदेशी गेली. त्यांतील कित्येकांचे वाचन अजून झालेले नाही, आणि वाचनाने काय घडू शकते ह्याचे उदाहरणही समोर आहे : वॉल्टर कॉम्प्टन ह्या अमेरिकन संग्राहकाच्या हाती आलेले कुनिमुनेचे एक ताचि हे कागोशिमातील तेरुकुनि देवस्थानाचा हरवलेला राष्ट्रीय ठेवा असल्याचे कळले, आणि १९६३ मध्ये त्याने ते देवस्थानास परत केले. परंतु ह्याच वाचनाच्या हौसेने उलटही घडते. परीक्षण करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सही खोटी ठरल्यास सामान्यत: प्रमाणपत्र देत नाहीत. तीच सही काढून टाकली तर ते पाते निनावी म्हणून, त्याच्या शैलीवरून एखाद्या घराण्याकडे सोपवून, प्रमाणित होऊ शकते. त्यामुळे मालक कानस चालवितो. ज्या नाकागोला शतकानुशतके कोणी हात लावला नाही, त्यावरून चारपाच चिन्हे नाहीशी होतात, आणि नवा गंज चढविला जातो.

हे पाते मूल्याने वाढले असेल, पण पुराव्याने दरिद्री झाले. ती खोटी सही कोणी, कोणत्या काळात, कोणत्या लोहाराच्या नावाने, कोणत्या चुकांसह कोरली, हे सर्व त्या काळाच्या वाचनाचा इतिहास होते. कोणते नाव केव्हा खपत होते, वाघाचे चिन्ह कसे असावे असे नक्कल करणाऱ्याला वाटत होते, ह्याचे उत्तर अस्सल पात्यांवर कधीच मिळणार नाही. ते केवळ बनावट सह्यांतच आहे. प्रक्षिप्त श्लोक पोथीतून खरवडून काढणारा संपादक आज कोणी मान्य करणार नाही. तो प्रक्षिप्त म्हणून तळटीपेत ठेवावयाचा असतो. सही काढण्यापूर्वी निदान तिचा ठसा व छायाचित्र पात्याच्या कागदपत्रांत कायमचे नोंदवावे, एवढी अट घालणे परीक्षकांना अवघड नाही. तशी अट नसल्यामुळे होते असे, की ज्या पात्यावर लोहाराने मुळात सही केलीच नाही ते, ज्याची सही आखूड करताना कापली गेली ते, आणि ज्याची सही अलीकडे कानशीने उडविली ते, ह्या तिन्हींची नोंद सूचीत ‘मुमेइ’, निनावी, ह्या एकाच शब्दाने होते.